शाल, श्रीफळ आणि इटालियनचा वर्ग

१२ ऑक्टोबर १९७०, सोमवार

आज वर्गाला तिघंच. त्यातला बाळासो झोपला होता. झोपू दे म्हटलं, निदान बाक तरी भरलेला दिसतो.

सहा वर्षं मी ह्या विद्यापीठात इटालियन शिकवतेय आणि सहा वर्षं जो तो मला एकच विचारतो, "कशाला?" भाजीवाली विचारते, ग्रंथपाल विचारतात, आमची आक्का तर सख्खी बहीण असून उठता-बसता विचारते. इटलीत पेरूजाला दोन वर्षं राहून, शिकून परत आले तेव्हा वाटलं होतं, कोल्हापुरात माझ्या दारात रांगा लागतील. रांगा कसल्या डोंबलाच्या! पटावर सात नावं. त्यातली चार केव्हा येतील ते त्यांच्या कुलदैवताला ठाऊक.

बाळासो नगरपालिकेत कारकून आहे आणि शिवाजी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. यंदा जूनमध्ये मेक्सिकोत इटली वर्ल्ड कपची फायनल हरली, ते पेपरात वाचून हा पठ्ठ्या वर्गात आला. "बाई, जिंकल्याली भाषा समदीच शिकत्यात. मी हरल्याल्यांची शिकाय आलोय." हसले खरी, पण घरी आल्यावर ते वाक्य जाईना डोक्यातून.

खरी शिकणारी एकटी मीनाक्षी. तिला माझ्यासारखं पेरूजाला जायचंय. तिच्याकडं बघून वर्ग चालवते. माझी नेमणूक मानधनावरची, दरसाल जूनला नव्यानं होणारी. एकदा कायम झाली की हा वर्ग कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. नाही झाली तर काय, ह्याचा विचार करायचा नाही असं ठरवते आणि रोज तोच करते.

१९ ऑक्टोबर, सोमवार

डॉ. सरनोबतांनी बोलावलं. आमचे विभागप्रमुख. रशियन, जर्मन, इटालियन सगळं त्यांच्या हाताखाली, येत एकही नाही. पण माणूस गोड बोलणारा.

म्हणाले, "बाई, आपले राजाराम महाराज फ्लोरेन्सला वारले त्याला येत्या तीस नोव्हेंबरला शंभर वर्षं होतात. तुमच्या डोक्यात होतं ना ते, इटालियन सप्ताहाचं? करून टाका. झोकात होऊ दे."

दोन वर्षं मी ह्यांच्या मागं लागलेय त्या सप्ताहासाठी! विलायतेहून परत येताना आपला तरुण राजा तिकडं गेला, आर्नो नदीच्या काठी त्याला अग्नी दिला, तिथं छत्री उभी आहे. अठ्ठावन्न साली मी ती पाहिली. परक्या मुलखात आपल्या माणसाचा दगडी चेहरा बघून तिथंच बसून रडले होते. तेव्हा काढलेला फोटो मोठा करून लावायचा, हे सुद्धा मी दोन वर्षांपूर्वीच ठरवलंय.

धीर करून विचारलं, "आणि सर, वर्गाचं कायमचं काही?"

"वर्गाचं काय ते मी तीस तारखेला व्यासपीठावरूनच जाहीर करणार आहे. तोवर तुम्ही निर्धास्त राहा."

व्यासपीठावरून! म्हणजे ठरलंच की. गुपचूप द्यायची गोष्ट असती तर कागद हातात दिला असता. आक्काला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कागद दिला का?" नाही म्हटलं. "मग काय बी ठरलं न्हाय." हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपवून गेले तर आमच्या खोलीला चुना मारायचं काम चाललेलं! सहा वर्षं त्या भिंतीवर ओल होती, अर्ज करून करून हात दुखले. सप्ताह जाहीर झाल्याबरोबर बघा कसे हलले. तोवर वर्ग व्हरांड्यात घ्यायचा आहे. वाऱ्यानं कागद उडतात, शेजारी रशियनवाले मोठमोठ्यानं धडे म्हणतात, माझं कुणाला ऐकू जात नाही. असो. चार दिवसांचा प्रश्न.

झाडलोट करणारी धोंडुबाई चुन्याच्या बादल्या उचलताना म्हणाली, "बाई, लांब लांब टेबलं आल्यात हिकडं घालाय. मायंदाळ हैत." पाहुण्यांसाठी असतील. प्रदर्शन मांडायला लांब टेबलंच लागतात, सरनोबतांना हे सुचलं हेच आश्चर्य.

कपाटाची किल्लीही त्यांनी मागून घेतली. आमची पुस्तकं मुख्य ग्रंथालयात हलवतात म्हणे, चुन्यानं खराब होतील म्हणून. माझ्या वर्गाची एवढी काळजी कुणी घ्यायची मला सवय नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

मीनाक्षी हिरमुसून आली. पुढच्या वर्षाच्या पदविकेचं विचारायला कचेरीत गेली तर कारकून म्हणाला, सध्या काही सांगता येत नाही, जूनला बघू. मी तिला झापलं. कचेरीतला कारकून म्हणजे कोण मोठा लागून गेलाय? कायम वर्ग झाला की नवे नियम येणार, त्याशिवाय तो काय सांगणार?

"बाई, तुम्हाला खात्री आहे?" तिनं विचारलं.

आहे म्हटलं. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा नव्हती. सकाळी पुन्हा झाली. ही असली खात्री काय कामाची, कुणास ठाऊक.

२१ नोव्हेंबर, शनिवार

निमंत्रणपत्रिका आली! पाहुणे प्रोफेसर रिनाल्दी, मुंबईहून येणार. मुक्काम तीन दिवस. शेवटच्या दिवशी त्यांचं छत्रीवर व्याख्यान, भाषांतर मी करणार. आणि अगदी खाली, लहान अक्षरात, "कु. अरुणा शिरगुप्पे यांचा हृद्य सत्कार."

माझा! सप्ताहाच्या आयोजिकेचा सत्कार करायची पद्धत नसते, मांडववाल्याचा करतात. म्हणजे ही सरनोबतांची स्वतःची कल्पना. दोनदा वाचलं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या अंगावर कुणी शाल घातलेली नाही. धोंडुबाईला दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी तिनं पत्रिका हातात घेतली, परत दिली आणि झाडू घेऊन निघून गेली. तिची सून आजारी आहे म्हणतात.

आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शाल-नारळ दोनदा देत्यात. माणूस येताना, न्हाय तर जाताना. तू तर कवाच आलीयास."

असा संताप आला! तुझ्या जिभेला हाड आहे का म्हटलं. तुझं काही चांगलं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये असं वाटतं का तुला? तिचा नवरा लग्नानंतर वर्षात गेला. मी हे बोलायला नको होतं. ती उठली आणि माझी मोतिया रंगाची साडी ट्रंकेतून काढून उन्हात टाकून आली. तीसला नेसायला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

सप्ताह सुरू होऊन दोन दिवस झाले. काल उद्घाटनाला सभागृह तुडुंब. का, तर वसतिगृहात इटालियन जेवण आहे अशी आवई उठली होती. आचाऱ्याला मी मॅकरोनी कशी शिजवायची ते समजावून आले होते. त्यानं ती शिजवली आणि वर तांबडा रस्सा ओतला. "बाई, नुसत्या नळ्या कोण खाणार की!" पोरांनी पातेली चाटून-पुसून खाल्ली. आज इटालियन चित्रकलेवर माझं व्याख्यान होतं. वर्गातले सातजण, एक वाट चुकलेला गृहस्थ आणि धोंडुबाई. छत्रीच्या फोटोखाली ठेवलेली फुलं कुणीतरी उचलून नेली.

खोलीत अजून जाऊ देत नाहीत. कुलूप आहे. खिडकीतून बघितलं तर टेबलं एकामागं एक, सगळी एकाच तोंडाला. प्रदर्शनाची अशी मांडतात का? विचारलं तर शिपाई म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब पुण्याला गेलेत.

एकटी बसले की वाटतं, ह्या गावाला माझी भाषा नको आहे. नको तर नको, तसं तोंडावर तरी सांगा. मग वाटतं, तीस तारीख येऊ दे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

रिनाल्दी आले. पिकल्या दाढीचे, सतत हात हलवत बोलणारे. स्टेशनवर मी पहिलं वाक्य बोलले आणि ते थबकलेच. "पेरूजा!" म्हणाले. माझ्या बोलण्यात त्यांना ते गाव ऐकू आलं. बारा वर्षांत माझं बोलणं कुणी असं ऐकलं नव्हतं. स्टेशनच्या गर्दीत डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण, हे बजावून सांगितलं होतं. पण सरनोबतांनी त्यांना पन्हाळा दाखवायला नेलं, ते दिवेलागणीनंतर उगवले. आक्कानं चूल विझवून पातेली घासायलाही काढली होती. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. पण तिनं पाहुण्यांकडं एकदा बघितलं, उठली, चूल पेटवली आणि दशम्या भाजायला बसली. चाळीस वर्षांत दिवे लागल्यावर ह्या घरात चूल पेटलेली मी पाहिलेली नाही. आम्ही दोघींनी खाल्लं नाही. ते पोटभर जेवले आणि घर फार आनंदी आहे म्हणाले.

आक्का चुलीपाशी बसून मला सारखी खुणावत होती. "सांग की पावण्याला. म्हणावं, कायम करत न्हाईत. मोठा मानूस हाय, शब्द टाकंल."

"अगं, करणार आहेत परवा!"

"करतील तवा करतील. तू सांग."

मी नाही सांगितलं. पाहुण्यापुढं आपल्या घरची उणीदुणी काढायची नसतात. आईनं आम्हाला तेच शिकवलं, आक्काला सुद्धा. त्यांनी विचारलं, वर्ग कसा चाललाय? छान, म्हटलं.

३० नोव्हेंबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही आणि आक्का जागी आहे हे मला कळतंय, तिच्याशी बोलण्यापेक्षा हे बरं.

मोतिया साडी नेसून गेले. सभागृह भरलेलं. सत्कार सुरू झाले. व्यासपीठावरच्यांचे झाले, मग मांडववाल्याचा, लाउडस्पीकरवाल्याचा, पत्रिका छापणाऱ्याचा. रिनाल्दींना फेटा बांधला, मांडीवर तीन नारळ. ते कानाशी वाकून म्हणाले, "हे सगळे इटालियन शिकतात?" नाही म्हटलं, ह्यांनी मांडव घातला. त्यांना कोण आनंद! शाल आणि नारळ म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा मान, असं मी त्यांना समजावलं. तेवढंच समजावलं.

छत्रीवर बोलायला त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली. आर्नोच्या काठावर संध्याकाळी माणसं फिरायला येतात आणि त्या तरुण राजाकडं बघून थांबतात, असं ते म्हणाले. मी भाषांतर करत होते, इतक्यात त्यांच्या हातात आवरतं घ्यायची चिठ्ठी आली.

मग सरनोबत उठले. मी पाहुण्यांच्या मागं खुर्चीवर, त्यांच्या कानाशी एकेक वाक्य इटालियनमध्ये सांगत होते. "आमच्या शिरगुप्पेबाईंनी सहा वर्षं हा वर्ग एकहाती चालवला." सांगितलं. "बाई म्हणजे मीच," असंही हसून सांगितलं. "त्यांच्यामुळं विद्यापीठाचं नाव सातासमुद्रापार गेलं." तेही सांगितलं.

"परंतु विद्यार्थ्यांची संख्या लक्षात घेता हा वर्ग आज, ह्या सुंदर सप्ताहाच्या सांगतेबरोबर, थांबवायचा निर्णय विद्यापीठानं घेतला आहे. त्या खोलीत उद्यापासून टंकलेखनाचा वर्ग सुरू होतोय, शेकडो मुलांच्या पोटापाण्याची सोय होणार आहे. बाईंना आपण आज कृतज्ञतापूर्वक निरोप देत आहोत."

टाळ्या पडल्या. शेकडो मुलांसाठी पडल्या, त्यांचं काही चुकलं नाही.

सगळं एकदम दिसलं मला. चुना, टेबलं, किल्ली, धोंडुबाईचं गप्प निघून जाणं. आक्काचं ते दोनदा देतात म्हणणं. मी कशी काय इतकी मूर्ख?

रिनाल्दींनी मान तिरकी केली. "काय म्हणाले? टाळ्या कशासाठी?"

मी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत आलेय की दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही आणि पदरात काही ठेवायचं नाही. ऐकलं ते सांगायचं, मग ते आपल्याच मुळावर येईना का. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वर्ग मोठा होतोय म्हणाले. खोलीला चुना दिलाय, नवी टेबलं आणलीत. शेकडो मुलं येणार आहेत."

मी मुद्दाम ठरवून नाही बोलले. फेटा बांधलेला, मांडीवर नारळ घेतलेला तो माणूस इतक्या लांबून आमच्या राजाविषयी बोलायला आला होता. त्याच्यासमोर आमचं गाव उघडं पाडायला जीभ वळेना. आणि मी? मी स्वतःही उघडी पडले असते. हेही खरंच आहे.

ते ताडकन उठले. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ह्यांच्या चालूच. सरनोबतांच्या हातातली शाल त्यांनी स्वतः घेतली, माझ्या खांद्यांवर घातली, माझे दोन्ही हात धरले आणि सरनोबतांच्या माइकवर जाऊन इटालियनमध्ये बोलू लागले. ह्या बाईंचं अभिनंदन. ह्या गावाचं अभिनंदन. नव्या विद्यार्थ्यांसाठी मी पुस्तकं पाठवीन आणि पुढच्या वर्षी हा भरलेला वर्ग बघायला परत येईन.

सरनोबत माझ्याकडं वळले. "काय म्हणाले पाहुणे?"

"आभार मानले."

"एवढंच? बराच वेळ बोलले की!"

"त्यांच्यात आभार लांब असतात," म्हटलं.

मोठा हशा पिकला. मीही हसले.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेकडं लक्ष गेलं. तिथं माझे सातजण बसले होते. ते हसले नव्हते. बाळासो खाली मान घालून बूट बघत होता. मीनाक्षी सरळ माझ्याकडं बघत होती. लाउडस्पीकरवाल्यानं पाहुण्यांसमोरच्या टेबलावरचा माइक बंद केला नव्हता, मी कानात सांगितलेलं सभागृहभर ऐकू गेलं होतं. बाकीच्यांना ती नुसती कुजबुज. ह्यांना अक्षर न् अक्षर कळलं. सहा वर्षं जीव तोडून शिकवल्याचं चीज झालं ते हे, माझं खोटं सात जणांना नीट समजलं.

बाहेर पडताना मीनाक्षी जवळ आली. वाकून पाया पडली. इतकी वर्षं मी तिला सांगत आले की माझ्या पाया पडायचं नाही.

१ डिसेंबर, मंगळवार

आक्कानं नारळ फोडून वड्या केल्या. खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

शाल ट्रंकेत टाकली. दुपारी विद्यापीठातून निरोप आला, व्हरांड्यातला फळा कुठं ठेवायचा? मला काय विचारता, म्हटलं.

८ डिसेंबर, मंगळवार

आक्का म्हणाली, घरी शिकीव. मलाही वाटलं होतं. रविवारी बाजारात बाळासो भेटला, त्याला विचारलं. तो ओशाळला. "बाई, तुमी म्हनला तर मी एकटा बी येतो. पर बाकीच्यांना सर्टिफिकिट पायजे. त्याबिगर घरचं सोडत न्हाईत." बरोबर आहे त्याचं. एकट्या बाळासोला ये म्हणायला मन झालं नाही. तो येईल आणि झोपेल.

मीनाक्षीकडं गेले होते. तिला सांगलीचं स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर. तिच्या आईनं पोहे केले आणि म्हणाली, "बरं झालं बाई, वर्ग संपला ते. नाहीतर ही ऐकत नव्हती." मीनाक्षी आत होती, बाहेर आली नाही. मी पोहे संपवून आले.

१८ जानेवारी १९७१, सोमवार

आज धोंडुबाई घरी आली, डोक्यावर खोका. विद्यापीठाच्या पत्त्यावर इटालियन वर्गाच्या नावानं आला होता, कचेरीत घेईनात, परत पाठवणार होते. "म्हनलं बाईंचं हाय, मी पोचिवतो."

फोडला. बालबोध पुस्तकं, एकाच पुस्तकाच्या कितीतरी प्रती, नवीकोरी, चित्रांची. वर रिनाल्दींची चिठ्ठी. शेकडो विद्यार्थ्यांना ही पुरणार नाहीत, त्याबद्दल क्षमा करा. फ्लोरेन्सला गेलो होतो, छत्रीपाशी तुमच्या वर्गाच्या वतीनं फुलं ठेवली. नोव्हेंबरात येतोय. मुलं कशी आहेत?

खोका स्वयंपाकघरात ठेवला, दुसरीकडं जागा नाही. आक्कानं एक पुस्तक उघडलं, पहिल्या पानावरचं सफरचंद बघितलं आणि पुसून परत ठेवलं. "चांगली हैत की गं," म्हणाली. तिच्या तोंडून इटालियनबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द.

दुपारी उत्तर लिहायला बसले. खरं काय ते लिहायचं ठरवून बसले होते. इटालियनमध्ये पहिली ओळ लिहिली, प्रिय प्रोफेसर. खरं लिहायचं तर पहिल्यांदा मी तुम्हाला खोटं सांगितलं हे लिहावं लागणार, आणि मग आमच्या गावानं काय केलं ते. तो माणूस त्या फुलांचं काय करील? ती तर वाहून झाली.

लिहिलं. पुस्तकं पोचली, मुलांना फार आवडली. नवी खोली उजेडाची आहे. बाळासो हल्ली वर्गात झोपत नाही. मीनाक्षीची तयारी चांगली आहे, पुढच्या वर्षी ती पेरूजाला यायचं म्हणतेय. खाली सातही जणांची नावं घातली, सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय म्हणून.

बारा वर्षांत इतकं निर्दोष इटालियन माझ्या हातून उतरलं नसेल. पाकीट चिकटवत होते तेव्हा आक्का म्हणाली, "काय लिवलंस?"

"खुशाली," म्हटलं.